कंपनीचा म्हणजे कोणाचा?

मराठीत 'कंपनीचा' हे विशेषण मोठे मजेदार आहे. धरणगावच्या बाजारपेठेत सायकलचा पंप घ्यायला जा किंवा पंख्याचा कंडेन्सर, दुकानदार हमखास विचारतो, "कंपनीचा देऊ का साधा?" साधा मालही कोणत्या ना कोणत्या कारखान्यातच तयार झालेला असतो. पण त्याला नाव नसते, आणि ज्याला नाव नाही त्याच्या अस्सलपणाची हमी नाही, असे आपण मानत आलो आहोत. सतराव्या शतकात याच धरणगावात इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीची वखार होती. तेव्हापासून आजवर 'कंपनी' या शब्दाने फार मोठा प्रवास केला. व्यापारी संस्थेचा वाचक असलेला हा शब्द बोलता बोलता खात्रीचा शिक्का होऊन बसला.

शिक्का एकदा उमटला की तो का उमटला याची एक गोष्टही तयार होते. जुने रेडिओ, फोनो आणि तबकड्या जमवणाऱ्या मंडळींच्या सहवासात ज्यांनी काही काळ घालवला असेल त्यांना हे लगेच पटेल. तेथे वस्तू जितक्या असतात, त्याहून अधिक त्यांच्या नावांच्या कथा असतात. आपण भाषेचे अभ्यासक ज्याला लोकव्युत्पत्ती म्हणतो तोच हा प्रकार आहे. शब्द परका असतो, त्याचा अर्थ लागत नाही, मग ऐकणारा आपल्या परिचयाच्या शब्दाशी त्याची सोयरीक जुळवतो.

रेडिओचीच दोन-तीन उदाहरणे घेऊ. 'बुश' हे कोणा बुशसाहेबांचे नाव असावे, असा आपला सहज समज होतो. वस्तुतः १९३२ साली सुरू झालेल्या या ब्रिटिश कंपनीला नाव मिळाले ते लंडनच्या शेफर्ड्स बुश या वस्तीवरून. ज्या गॉमाँ-ब्रिटिश चित्रपट कंपनीच्या छत्राखाली ती निघाली, तिचे चित्रपटगृह-कलागृह तेथे होते. म्हणजे जे माणसाचे नाव वाटते ते गावाचे निघाले. 'एको'च्या बाबतीत नेमके उलट घडते. 'नॅशनल-एको'चा रेडिओ ज्यांच्या घरात होता त्यांतील अनेकांनी या नावाचा संबंध इंग्रजीतील प्रतिध्वनीशी लावला, आणि आवाजाच्या यंत्राला हे नाव शोभूनही दिसते. परंतु एको हे एरिक कर्कम कोल या इंग्रज उद्योजकाच्या नावाच्या आद्याक्षरांतून झालेले रूप आहे. 'मर्फी' मात्र खरोखरच माणसाचे नाव आहे. फ्रँक मर्फी यांनी १९२९ साली ई. जे. पॉवर यांच्यासह ही कंपनी काढली आणि १९३७ साली ते तिच्यातून बाहेरही पडले. पण आपल्याकडे मर्फी म्हटले की ओठांवर बोट ठेवलेले ते गोंडस बाळच डोळ्यांपुढे येते. त्या बाळाच्या ओळखीसाठी एकाहून अधिक व्यक्तींची नावे घेतली गेली. नावाचा खरा धनी विसरला गेला आणि जाहिरातीतील बाळ त्या नावाचे धनी झाले.

खान्देशात राहणाऱ्याला याचे नवल वाटू नये. 'खान्देश' या नावाचीही एक व्युत्पत्ती कान्हदेशापर्यंत जाते, दुसरी फारुकी राजांच्या 'खान' या पदवीपाशी थांबते. अकबराने १६०१ साली असीरगड घेतल्यावर शाहजादा दानियालच्या नावावरून याच प्रदेशाला 'दानदेश' म्हटले गेले, तोही धागा कोणीतरी मध्येच आणून जोडतो. नावाची एकच गोष्ट असते असे आमच्या प्रदेशाने कधी मानलेले नाही.

तथापि या सर्व कथांत सर्वाधिक चिवट कथा आहे ती कुत्र्याची. कर्ण्यापुढे मान किंचित तिरकी करून बसलेला तो पांढरा कुत्रा आणि खाली 'हिज मास्टर्स व्हॉइस' ही अक्षरे. आपल्या आजोबांच्या पिढीने या तबकड्यांना सरळ 'कुत्रा छाप' म्हटले. या चित्राबद्दल सांगितली जाणारी कथा अशी: धनी मरण पावला आहे, कुत्रा त्याच्या शवपेटीवर बसला आहे आणि यंत्रातून येणारा मृत धन्याचा आवाज ऐकून तो स्तब्ध झाला आहे. ही कथा मी वर्गातही ऐकली आहे आणि ती सांगताना मुलांचे डोळे पाणावलेलेही पाहिले आहेत.

उपलब्ध नोंदी काय सांगतात? कुत्र्याचे नाव निपर. पाहुण्यांच्या टाचांना तो हलकेच चावे म्हणून हे नाव पडले. त्याचा मूळ धनी मार्क बरॉ १८८७ साली वारला आणि निपर त्याच्या भावाकडे, फ्रान्सिस बरॉ या चित्रकाराकडे आला. निपर मेला १८९५ साली. चित्र काढले गेले १८९८ साली, म्हणजे कुत्रा जाऊन तीन वर्षे झाल्यावर. मार्कच्या आवाजाचे मुद्रण असल्याचा पुरावा नाही. ज्या चकचकीत पृष्ठभागाला लोक शवपेटी समजतात ते पॉलिश केलेले लाकूड आहे, एवढेच चित्र पाहून म्हणता येते. ही कल्पना आपल्याला एकाएकी सुचली, असे चित्रकाराने स्वतः पुढे सांगितले होते.

यापुढची हकीकत मला दंतकथेहून अधिक अर्थपूर्ण वाटते. मूळ चित्रात कुत्र्यापुढे ग्रामोफोन नव्हताच. तेथे एडिसनच्या पद्धतीचे, नळकांड्यावर आवाज उमटवणारे फोनोग्राफ यंत्र होते. चित्र अधिक उजळ दिसावे म्हणून पितळी कर्णा नमुन्यादाखल मिळतो का हे पाहायला बरॉ ग्रामोफोन कंपनीत गेला. तेथील व्यवस्थापक विल्यम बॅरी ओवेन याने चित्र विकत घेण्याची तयारी दर्शवली, मात्र एका अटीवर: फोनोग्राफ खोडून त्या जागी आमचा ग्रामोफोन काढा. १८९९ साली व्यवहार झाला. चित्राचे पन्नास पौंड आणि हक्काचे पन्नास पौंड. बरॉने जुन्या यंत्रावर नवे यंत्र रंगवले. विशिष्ट कोनातून प्रकाश पडला की त्या रंगाखालचे जुने यंत्र आजही दिसते, असे ते चित्र जवळून पाहणाऱ्यांनी नोंदवले आहे. अस्सलपणाची जगभर मान्य झालेली ही खूण मुळातच एका पाठावर चढवलेला दुसरा पाठ आहे!

आणखी एक गोष्ट. आपण ज्या काळाच्या संदर्भात 'एच.एम.व्ही. कंपनी' म्हणतो, त्या काळात या नावाची कंपनीच नव्हती. ते बोधचिन्हाचे नाव होते. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्यात ध्वनिमुद्रणासाठी आला तेव्हा त्याच्या कंपनीचे नाव 'ग्रामोफोन अँड टाइपरायटर लिमिटेड' असे होते. त्या तबकड्या जर्मनीत हॅनोवर येथे तयार होऊन आल्या आणि त्यांच्या लेबलावर कुत्रा नव्हता, लेखणीने तबकडीवर लिहिणारा देवदूत होता. कुत्रा तबकड्यांवर आला तो इंग्लंडमध्ये १९०९ साली, आपल्याकडे त्यानंतर. गौहरजानची तबकडी ही भारतातील पहिली, हेही असेच एक लाडके विधान आहे. त्याच मोहिमेत तिच्याआधी तीन दिवस शशिमुखी आणि फणिबाला या दोघींचे गाणे मुद्रित झाले होते. मायकेल किनिअर यांच्यासारख्या संशोधकाने कंपनीच्या नोंदी चाळून भारतीय मुद्रणांची जी सूची १९९४ साली प्रसिद्ध केली, तिच्यामुळे अशा विधानांची शहानिशा करणे शक्य झाले. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या संस्थेनेही हे काम चिकाटीने केले. पुढे भारतातील कंपनीचे नाव २००० साली 'सारेगम' झाले. कुत्र्याची कथा मात्र नावे बदलली तरी बदलली नाही.

हे सारे पुस्तकी ज्ञान गावातल्या एका घरात कसोटीला लागले, म्हणून हा लेख लिहावासा वाटला.

त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी, यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९० रोजी धरणगावात झाला. त्यांच्या जन्मदिनानिमित्त आमच्या विभागाने 'शब्द आणि ध्वनी' असे एक लहानसे प्रदर्शन मांडायचे ठरवले. घरोघरी पडून असलेले रेडिओ, तबकड्या, पोस्टाच्या शिक्क्यांची रेडिओ परवान्याची पुस्तके असे काहीबाही विद्यार्थ्यांनी आणावे आणि प्रत्येक वस्तूसोबत चार ओळींची पाटी लिहावी, अशी योजना होती. एम. ए.च्या वर्गातील एका मुलीने लिहून आणलेली पाटी अशी होती: 'एच.एम.व्ही. कंपनीचा अस्सल फोनो, सन १९०२. याच फोनोवर बालकवींनी गाणी ऐकली होती.'

पाटी वाचून मी क्षणभर स्तब्ध झाले. हे वाक्य खरे असते तर केवढी मोठी गोष्ट! आणि खरे नसते तर? ते महाविद्यालयाच्या प्रदर्शनात लागले असते, स्थानिक वर्तमानपत्रात छापून आले असते, पाच वर्षांनी कोणाच्या तरी प्रबंधात तळटीप होऊन बसले असते. बालकवींचे चरित्र आधीच दंतकथांनी वेढलेले आहे. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली झालेल्या त्यांच्या मृत्यूभोवती तर्कांचे केवढे जाळे विणले गेले, हे वाचकांना ठाऊकच आहे. त्यात आपल्या हातून आणखी एका धाग्याची भर पडावी काय?

म्हणून मी तिच्या घरी गेले. तिचे आजोबा प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, वय ऐंशीच्या पुढे. सगळे त्यांना नाना म्हणतात. ओसरीवरच्या टेबलावर फोनो होता. अष्टकोनी लाकडी खोके, त्यावर सोन्यासारखा लखलखणारा पितळी कर्णा आणि दर्शनी बाजूला कुत्र्याचे चित्र उठवलेली पितळी पट्टी. नानांनी त्यावरचे कापड बाजूला केले आणि म्हणाले, "ताई, हाई आमना आबानी पेटी शे."

मला यंत्रातले फारसे कळत नाही, पण शब्द कानाला खटकला. एवढा मोठा कर्णा असलेल्या वस्तूला नाना 'पेटी' का म्हणत होते? घरातील सुना-नातवंडे तिला 'फोनो' म्हणत होती. नाना प्रत्येक वेळी 'पेटी'च म्हणत. मी विचारले, "नाना, पेटी का म्हणता हिला?" ते म्हणाले, आबा म्हणायचे म्हणून. मग त्यांना काही आठवले आणि त्यांनी आतून एक जुने छायाचित्र आणवले. आबा ओट्यावर बसले आहेत, शेजारी सुटकेससारखी एक पेटी उघडी आहे, झाकण मागे टेकलेले, आत तबकडी. कर्ण्याचा कोठे मागमूस नाही.

उलगडा होत गेला तो असा. सुमारे वीस वर्षांपूर्वी ती पेटी बंद पडली. कोणा ओळखीच्या माणसाबरोबर ती दुरुस्तीला मुंबईला धाडली गेली. परत आली ती या रूपात. आणून देणाऱ्याने सांगितले की आतले यंत्र तेच आहे, फक्त त्याला 'मूळचे' रूप दिले आहे. घरच्यांना आनंदच झाला. सिनेमात फोनो पाहिला होता तो कर्ण्याचाच. आपला आता कोठे खऱ्या फोनोसारखा दिसू लागला! पट्टी आली म्हणून 'अस्सल एच.एम.व्ही.' हे विशेषण आले. पहिले मुद्रण १९०२ साली झाले हे कोणीतरी वाचले, म्हणून सन आला. आणि धरणगावात १९०२ म्हटल्यावर बालकवी कसे टळतील?

अशा जुळवलेल्या यंत्रांचा धंदा आपल्या देशात कित्येक वर्षे चालू आहे. पाश्चात्त्य संग्राहकांनी त्यांना 'क्रॅपोफोन' असे हिणकस नावही देऊन ठेवले आहे. ती ओळखण्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. पत्रा पातळ आणि पितळ नवे असते. कर्णा बाहेर असलेल्या जुन्या यंत्राचा भुजदंड वेगळ्या घडणीचा असतो, येथे पेटीच्या फोनोचा भुजदंड कर्ण्याला कसाबसा जोडलेला दिसतो. कंपनीच्या यंत्रांवर बोधचिन्ह बहुधा रंगीत छापाचे असे, खिळ्यांनी ठोकलेली भली मोठी पितळी पट्टी हीच संशयाची पहिली जागा. या सर्व खुणा नानांच्या फोनोत होत्या.

परंतु साउंडबॉक्स जुना होता. त्यावर कंपनीचे नाव आणि ४ हा क्रमांक कोरलेला होता. हा प्रकार १९२५ च्या सुमारास आला. तबकड्यांच्या ट्रंकेतही तेच निघाले. बहुतेकांवर कुत्रा आणि 'डमडम' हे नाव. डमडमचा कारखाना १९२० च्या दशकाच्या अखेरीचा. दोन तबकड्या 'यंग इंडिया'च्या निघाल्या. मुंबईच्या या देशी कंपनीने काम सुरू केले ते १९३० च्या दशकाच्या मध्यावर. बालकवी १९१८ साली गेले. म्हणजे हा फोनो, निदान त्याचा जो भाग जुना आहे तो, त्यांच्या कानावर पडणे शक्य नव्हते.

हे नानांना सांगायचे की नाही? मला स्वतःला हा प्रश्न फार अवघड गेला. ऐंशी वर्षांच्या माणसाच्या ओसरीवर बसून, त्याने दिलेला चहा घेऊन, त्याच्या घराच्या अभिमानाला सुरुंग लावायचा अधिकार मराठीच्या एका अध्यापिकेला कोणी दिला? गप्प बसणेही शक्य होते. पाटी नम्रपणे गाळून टाकता आली असती. पण नानाच म्हणाले, "ताई, खरं काय शे ते सांगा." आयुष्यभर मुलांचे गणित तपासलेला माणूस होता तो. माझा चेहरा त्यांनी वाचला असावा.

मी सांगितले. खोके नवे, कर्णा नवा, पट्टी नवी. साउंडबॉक्स जुना, आतले यंत्रही जुने दिसते. १९०२ नाही, बालकवी नाहीत. नात हिरमुसली. तिच्या आईने विषय बदलायचा प्रयत्न केला. नाना बराच वेळ छायाचित्राकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "बालकवीनी नही ऐकं, पन मना बापनी ते ऐकं ना?"

या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे होते आणि ते छायाचित्रात धडधडीत दिसत होते.

तेव्हापासून मी विचार करते आहे की आपण जेव्हा एखादी वस्तू 'कंपनीची' म्हणून सांगतो, तेव्हा नेमके काय सांगत असतो. नानांच्या घराला लंडनच्या कारखान्याशी काय देणेघेणे? त्यांना सांगायचे होते ते हे की, आमच्या घरात एके काळी गाणे होते, आमचे आबा रसिक होते. पण घरचा रसिकपणा घराबाहेर मोजला जात नाही. त्याला कोणत्यातरी मोठ्या नावाचा टेकू लागतो, कुत्र्याचा किंवा कवीचा. दंतकथा ही बहुधा अशा न विचारल्या गेलेल्या माणसांची साक्ष असते. ती तपासणे म्हणजे त्या माणसांना खोटे ठरवणे नव्हे. उलट उसने मोठेपण बाजूला केल्यावरच त्यांचे स्वतःचे काय होते ते दिसू लागते. कर्णा होता तोवर आबांचे छायाचित्र पाहण्याचे कारण कोणाला नव्हते.

आणि पुरावा तरी कोठे सापडला? पितळी पट्टीने फसवले, एका बोलीतल्या शब्दाने खरे सांगितले. वस्तूचे रूप बदलले, तिच्यावर नाव चढले, सन चढला. 'पेटी' हा शब्द मात्र नानांच्या तोंडी जसाच्या तसा राहिला. पाठचिकित्सेत आपण शिकवतो की लेखनिकाने सुधारलेल्या पाठापेक्षा अवघड, विसंगत वाटणारा पाठ अनेकदा मूळचा असतो. तो नियम येथे ओसरीवर सिद्ध झाला. बहिणाबाईंची गाणी सोपानदेवांनी आणि पितांबर चौधरींनी वहीत उतरवून घेतली, म्हणून १९५२ साली ती आपल्या हाती आली. वही दुसऱ्यांच्या हातची म्हणून आपण त्या गाण्यांना बनावट म्हणत नाही. मात्र कंठ कोणाचा आणि हस्ताक्षर कोणाचे, हे वेगवेगळे सांगतो. फोनोच्या बाबतीत तेवढेच करायचे होते.

फोनो प्रदर्शनात आला. शेजारी आबांचे छायाचित्र ठेवले. पाटी त्या मुलीनेच पुन्हा लिहिली आणि तिने स्वतःच्या बुद्धीने तिचे तीन रकाने पाडले. 'निश्चित' या रकान्यात तिने लिहिले: साउंडबॉक्स १९२५ च्या सुमाराचा किंवा नंतरचा, खोके, कर्णा व पट्टी अलीकडील, तबकड्या प्रामुख्याने डमडमच्या. 'संभाव्य' या रकान्यात: यंत्र व साउंडबॉक्स छायाचित्रातील पेटीमधलेच असावेत. तिसऱ्या रकान्याला तिने 'श्रुत' असे नाव दिले आणि त्यात लिहिले: हा फोनो बालकवींनी ऐकला होता, असे घरात सांगितले जाते.

काही सहकाऱ्यांचे मत पडले की तिसरा रकाना काढून टाकावा, खोटे ते खोटे. मी तो काढू दिला नाही. ज्या गावात एक कवी जन्मला त्या गावातील एका घराला, आपल्या पेटीचे गाणे त्याच्याही कानावर पडले असावे असे वाटले, ही देखील त्या गावाच्या वाङ्मयीन इतिहासातील एक नोंद आहे. फक्त तिचा रकाना ठरलेला आहे आणि तिने तेथेच राहावे.